मांडणीतल्या चिंध्या

माझ्या माहेरी पळायचं की बसायचं, हे भांडी ठरवायची. सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. पण फुलसावंगीच्या पलीकडे आमचं जे लहानसं गाव आहे, तिथे ज्या हिवाळ्यात जमीन गुरगुरायला लागली, त्या हिवाळ्यात सगळ्यांनी हाच नियम धरला होता. आधी जमिनीच्या पोटातून आवाज यायचा, गुडगुड, गुडगुड, जसा एखादा रिकामा ट्रॅक्टर दूर कुठे नाल्यातून चालला आहे. मग घरोघरी माणसं हातातलं काम हातात तसंच धरून कान द्यायची. मांडणीवरची भांडी गप राहिली, तर जमीन नुसती गुरगुरली, हलली नाही. काम पुढे सुरू. भांडी खणखणली, की मग तव्यावरची भाकर तव्यावर आणि ताटातला घास ताटात टाकून जो तो बाहेर. आमच्या शेजारच्या गंगूकाकूंकडे मांडणी नव्हती, त्यांची सगळी भांडी चुलीपाशी पालथी पडलेली असायची. त्यामुळे गुडगुड झाली की त्या भिंतीपलीकडून ओरडायच्या, "शालूची माय, तुह्या घरची बोलली काय व?" माय इकडून सांगायची, "नाई व, गप आहेत." "मंग मी बसते बापा," म्हणून काकू पुन्हा तुरीच्या शेंगा सोलायला घ्यायच्या. आमच्या घरच्या भांड्यांच्या भरवशावर दोन घरं चालायची, याचा मायला केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

आणि मांडणी होतीच तशी. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढे ओसरी, ओसरीवर बाबांचं शिलाई मशीन, आणि आत शिरलं की समोरच्या भिंतीवर ती मांडणी. खालच्या फळीवर डबे, मधल्या फळीवर ताटं आणि परात भिंतीला टेकून उभी, आणि सगळ्यात वर मायच्या लग्नात तिच्या भावाने दिलेला पितळेचा गुंड. पाणी भरायचा तो मोठा गुंड, पण त्यात पाणी कधीच भरलं गेलं नाही. त्याच्या गळ्याभोवती मामाचं नाव टोचून लिहिलेलं होतं आणि ते नाव दाराकडे वळवून ठेवलेलं असायचं. माय त्याला चिंच आणि राख लावून अशी घासायची की बाजूच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीचं प्रतिबिंब त्यात दिसायचं. घरात नवीन माणूस आला की आधी त्याची नजर गुंडावर जाते की नाही, हे ती पदराआडून बघायची. ज्याची नजर गेली नाही त्याला चहात साखर कमी.

बाबा दिवसभर मशीन चालवायचे. शाळेचे गणवेश, बायांची पोलकी, कापूस वेचायच्या ओट्या, सगळं गाव त्यांच्याच हातचं घालायचं. मशीनखाली चिंध्यांचा ढीग कायम. आणि त्या चिंध्यांनी माय कशाचाही बंदोबस्त करायची. खाट डुगडुगली, चिंधी. डब्याचं झाकण ढिलं झालं, चिंधी. दार वाजतं, फटीत चिंधी. बाबा म्हणायचे, "हिच्या हातात असलं ना, तं हे माह्या तोंडातही चिंधी कोंबन." तेव्हा मला हसू यायचं. आता माझ्याच घरात बघते तर खिडकीच्या फटीत नातवाच्या जुन्या बनियनचा तुकडा आहे, आणि तो मीच खोचलेला आहे.

जमीन गुरगुरायला लागल्यावर तहसीलवाल्यांनी प्रत्येक गावातून एकेक शिकलेलं माणूस महागावला बोलावलं. मी डी.एड. होऊन नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत घरी बसलेली. ग्रामसेवक म्हणाले, हीच जाईन. मी गेले. तिथे एका तरुण सरांनी भिंतीवर मोठा तक्ता लावला होता, डाव्या बाजूला ज्वालामुखी, उजव्या बाजूला फाटलेली जमीन आणि खाली कोपऱ्यात मोकळ्या जागी उभा असलेला एक माणूस. सर समजावून सांगत होते की प्रत्येक संकटाचे दोन धोके असतात. पहिला धोका म्हणजे ते संकट स्वतः जे करतं ते. ज्वालामुखी तापलेला लाव्हा ओकतो, राख उडवतो, विषारी वायू सोडतो. भूकंप जमीन हलवतो, फाडतो. दुसरा धोका म्हणजे त्याच्या मागून जे लागतं ते. राखेवर पाऊस पडून चिखलाचे लोंढे सुटतात, नद्या तुंबतात, पिकं गाडली जातात, मग उपासमार. भूकंपात आगी लागतात, डोंगर घसरतात, धरणं फुटतात, समुद्राच्या लाटा येतात. "माणसं पुष्कळदा पहिल्या धोक्यातून वाचतात आणि दुसऱ्यात सापडतात," असं सर म्हणाले, आणि ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

तक्त्याची गुंडाळी बगलेत मारून मी गावात परत आले ती पुढारी होऊनच. शाळेच्या अंगणात सगळं गाव जमलं. किसनबुवा म्हणून एक म्हातारे शेतकरी होते, त्यांना मधे बोलल्याशिवाय राहवत नसे. मी समुद्राच्या लाटांवर आले तसे ते म्हणाले, "शालू, थे समुद्र खोडून टाक व. आपल्या नाल्याले गुडघाभर पानी नाई, लाट कुठून येईन?" मी म्हटलं, खोडला. मग मी त्यांना सरांनी सांगितलेली गंमत सांगितली, की आपली काळी माती म्हणजे कोण्या काळी वाहत आलेला आणि थंड झालेला लाव्हाच आहे, त्याचाच भुगा. बुवांचे डोळे मोठे झाले. "म्हंजे माही कापसाची पऱ्हाटी ज्वालामुखीवर उभी आहे?"

"हाव बुवा, पण थंड झालेल्या."

"तरीच!" बुवांनी आजूबाजूला सगळ्यांकडे बघितलं. "तरीच म्हनलं आपल्या कापसाच्या गादीत एवढी ऊब काहून असते!" आणि पुढचे कित्येक दिवस ते बाजारात भेटेल त्याला, "आमचं वावर लाव्ह्याचं आहे," असं सांगत फिरले.

पण माणसं ऐकून घरी गेली आणि कामाला लागली, हे मला अजून नवल वाटतं. प्रत्येक घरानं आपापला दुसरा धोका शोधला. गंगूकाकूंच्या घरात अर्ध्या खोलीत कापूस भरलेला आणि त्याच खोलीत चूल. त्यांनी चूल उचलून अंगणात आणली. त्यांचं बघून बाकीच्यांनी आणल्या. मग काय विचारता! संध्याकाळी गल्लीत दोन्ही बाजूंनी चुली पेटायच्या, कोणाच्या घरी वांगं भाजतंय, कोणाकडे तुरीच्या ओल्या दाण्याचं कालवण शिजतंय, कोणी ठेच्यात लसूण जास्त टाकला, सगळं सगळ्यांना कळायचं. वाट्या इकडून तिकडे फिरायच्या. सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईकडची तुमची कोथिंबीर, एका घरी निवडला जायचा आणि चार घरच्या भाजीवर पडायचा. भूकंपाचं भेव एकीकडे, पण जेवणाची अशी चंगळ मी पुन्हा पाहिली नाही. आज माझ्या स्वयंपाकघरात गॅस आहे, खिडकीत पंखा आहे, आणि शेजारी काय शिजलं ते मला फोनवरच्या फोटोत दिसतं.

सगळ्या गावाने माझं ऐकलं, एक माझी माय सोडून. आमच्या घरचा दुसरा धोका कोणता, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मी रोज सांगायची, "माय, थो गुंड खाली काढ. कोनाच्या डोक्यात पडला तं?"

"मांडनी खाली काढली तं हाललं का नाई हे कळन कसं?" माय म्हणायची. "तुह्या सराले ईचार. गंगू मले काय ईचारन मंग?"

तिचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. मी बाबांकडे बघितलं तर ते सुईत दोरा ओवायला लागले, आणि त्यांना दोरा ओवायला कधी इतका वेळ लागत नसे.

खरी गोष्ट वेगळी होती. गुंड वर असायला हवा होता तो माझ्या लग्नासाठी. सरांच्या तक्त्यावर नसलेला एक तिसरा धोका आमच्या गावात आला होता. आमच्या गावच्या पोरींची लग्नं मोडायला लागली होती. ढाणकीकडचे एक पाहुणे मला बघायला आले, बसले, गुडगुड ऐकली आणि तोंडातला चिवडा चावत चावतच उठून गेले. दुसऱ्यांनी तर येण्याच्या आधीच निरोप धाडला, "हालत्या गावातली पोरगी नाई पाह्यजे बापा." जसं काही मी सोबत हुंड्यात भूकंप घेऊन जाणार होते! मी वरवर हसले, पण खोटं कशाला बोलू, मला लागलं. लग्न करायचंच नाही असल्या विचारांची मी नव्हते. मला नोकरी करायची होती, आणि माझ्याशी सरळ बोलेल असा नवराही हवा होता. मायचं तर विचारूच नका. ती गुंड घासता घासता मधेच थांबायची आणि माझ्याकडे अशी बघायची की मला तिथून उठून जावं लागे.

आणि अशात दारव्ह्याचं स्थळ आलं. दारव्हा कुठे, आम्ही कुठे! जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडे जमीन गप होती आणि आमच्याकडची गुडगुड तिकडे कोणाच्या कानावर गेलेली नव्हती. मुलगा विहिरीवरच्या मोटारी बांधायचा, म्हणजे जळलेल्या मोटारींत नवी तार भरायचा, स्वतःचं दुकान होतं, मुलीने नोकरी केली तर हरकत नाही असं त्यांनी आपणहून कळवलं होतं. बाबांनी आदल्या दिवशी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "पाह्यन्यायच्या पुढं गुडगुडीचं नाव काहाडायचं नाई. आवाज आला तं गिरनी म्हनायचं."

"आन हाललं तं?" मी विचारलं.

"हालत नाई," बाबा म्हणाले. जमिनीने त्यांना तसं लिहून दिल्यासारखेच ते बोलले.

मायने मात्र त्यावरही विचार करून ठेवला होता. सकाळी मी अंगण सारवून आत आले तर ती मोडक्या खुर्चीवर चढून मांडणीत काहीतरी कोंबत होती. चिंध्या! ताटांच्या मागे चिंध्या, डब्यांच्या मधे चिंध्या, परातीखाली चिंध्या, आणि गुंडाखाली चांगली जाड घडी. बाबांनी त्या आठवड्यात कोणाच्या तरी नवरीचं पोलकं शिवलं होतं, त्याचं अस्तर सॅटिनचं, गुळगुळीत, लालभडक. तेच तुकडे. बाहेरून काही दिसत नव्हतं, तिने टोकं नीट आत दुमडली होती.

"माय, हे काय करून राह्यली तू?"

"भांडे वाजाले नाई पाह्यजे."

"अव पण भांडे नाई वाजले तं आपल्याले कळन कसं?"

"एक दिवस नाई कळलं तं काय बिघडते?" ती खुर्चीवरून उतरली आणि पदराने कपाळ पुसलं. "शालू, हे स्थळ गेलं ना, तं मी या मांडनीकडे पाहीन आन रडीन. पाह्यने गेले का काहाडून टाकू चिंध्या. तू आता तोंड धू आन थे हिरवं पातळ नेस."

मी शिकवलेलं सगळं मला तोंडपाठ होतं. पण तिचा तो चेहरा बघून मी जाऊन तोंड धुतलं.

पाहुणे जीपमधून आले ते धुळीने पांढरे होऊन. मुलाची आई, मुलाचा मामा आणि मुलगा. मुलाची आई अंगाने भरलेली, आवाज खडा, आल्या आल्या ओसरीवरच म्हणाली, "जयभीम! आधी पानी द्या व बाई, मंग पोरगी दाखवा. गळ्यात अर्धा रस्ता भरला." मला ती बाई तिथेच आवडली. मामा मात्र गंभीर, टोपी डोक्यावर घट्ट, प्रत्येक गोष्टीकडे तपासणी केल्यासारखा बघणारा. आणि मुलगा, विलास त्याचं नाव, काडीसारखा बारीक, कान बाहेर आलेले, बसायला सांगितलं तर आधी चपला काढून दारात अगदी नीट जोडीने ठेवणारा. कोणाच्याही चपलांवर त्याने पाय दिला नाही, हे मी आतून बघितलं. मामाने भराभर दोघांच्या चपला तुडवल्या होत्या.

मायने मुलाच्या आईला मानाच्या जागी बसवलं. मानाची जागा कोणती? बरोब्बर मांडणीखाली, गुंडाच्या सरळ रेषेत. म्हणजे सगळे त्या बाईकडे बघतील आणि बघता बघता त्यांना मागची भांडी दिसतील. मी पोह्यांचं ताट घेऊन आले, वर तर्री, शेव, सांबार, लिंबाची फोड. मायला डोळ्याने खुणावलं की बाईला इकडे सरकव. मायने डोळ्यानेच मला गप केलं.

मामाने विचारलं, "पोरी, शिक्षन किती?" मी सांगितलं. "भाकर थापता येते?" येते. "नोकरी लागली तं घरचं कोन पाह्यीन?"

"मामा, थे आपन पाहू ना," विलास म्हणाला. आत आल्यापासूनचं ते त्याचं पहिलं बोलणं. मामाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने लगेच पोह्यांत तोंड घातलं. त्याची आई हसली आणि वर मांडणीकडे मान वळवून म्हणाली, "गुंड मोठा छान ठेवला हो बाई तुमी." मायचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, झालं, जमलं!

आणि जमीन गुरगुरली.

सुरुवातीला बारीक. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी गंगूकाकूंच्या भिंतीकडे. मामाने मान वर केली. "हे काय वाजून राह्यलं?"

"गिरनी," बाबा म्हणाले.

"ट्रक," माय म्हणाली. दोघं एकदमच बोलले.

"गिरनीत ट्रक आला आहे," बाबांनी सुधारून घेतलं. आवाज वाढला. आम्ही तिघंही हसत बसलो होतो. तेव्हाचा आमचा फोटो कोणी काढला असता तर आम्ही किती आनंदी घरातले वाटलो असतो! आम्ही तिघंही कान देऊन बसलो होतो, भांड्यांकडे. भांडी वाजली नाहीत. एकही नाही. भिंतीपलीकडून गंगूकाकूंची हाक आली, "शालूची माय, तुह्या घरची बोलली काय व?" आणि माझ्या भोळ्या मायने सवयीने उत्तर दिलं, "नाई व, गप आहेत!"

कोण बोलली, कोण गप आहे, हे पाहुण्यांना काय कळणार. पण माझ्या पायाखाली सारवलेली जमीन थरथरत होती, हे माझ्या तळव्यांना कळत होतं. कान म्हणत होते नाही, पाय म्हणत होते हो. आणि मी, गावाला शिकवणारी, कानावर विश्वास ठेवून ताट धरून उभी राहिले. त्या खोलीत आपल्या अंगाचं ऐकणारा एकच माणूस निघाला, आणि त्याला भांड्यांचा नियम माहीतच नव्हता. विलासच्या हातातली पोह्यांची बशी खाली पडली, आणि तो उठून जो पळाला! मामाच्या मांडीवरून, दारातून, ओसरीवरून, बाबांच्या मशीनला वळसा घालून, अनवाणी, थेट रस्त्यावर. बाहेरून त्याचा आवाज आला, "हालून राह्यलं! बाहीर या! आई, बाहीर ये!"

त्या ओरडण्याने मी वर बघितलं. गुंड सरकत होता. आवाज न करता, लाल सॅटिनवरून, अगदी सावकाश, फळीच्या टोकाकडे. माझ्या मामाचं नाव दाराकडून वळून माझ्याकडे आलं होतं. मी ताट फेकलं, मुलाच्या आईचे दोन्ही हात धरले आणि कडब्याची पेंढी ओढावी तसं तिला ओढलं. ती माझ्यावर, मी मायवर. धाडकन गुंड पडला, ती बसली होती तिथेच, सतरंजीवर. त्याच्या मागे परात, ताटं, डबे, आणि सगळ्यांवर हळूहळू उतरत आल्या त्या लाल चिंध्या.

पुढचं मला नीट आठवत नाही, एकदम आठवतं ते आम्ही सगळे रस्त्यावर, सगळं गाव रस्त्यावर, गंगूकाकू कोंबडी बगलेत धरून मायवर ओरडतायत, "गप आहेत म्हनून सांगतं मले? गप आहेत म्हनून?" जमीन तोवर थांबली होती. कोणाला काही झालं नव्हतं. काही घरांची कवेलू घसरली होती, तेवढीच. किसनबुवा सगळ्यांना सांगत होते की लाव्हा अजून पुरता थंड झाला नसावा.

आता भांडण. मामा बाबांना म्हणाला, "तुमी लपवलं आमच्यापासून! माह्या बहिनीचा जीव गेला असता." बाबांची मान खाली. मग मामा वळला तो भाच्याकडे. "आन तू! मायले सोडून पळाला? लाज नाई वाटत?" आसपासची माणसं हसायला लागली. कोणीतरी म्हणालं, "नवरदेव लय चपळ आहे बा!" बाबांनी मान वर केली, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, ते मायला म्हणत होते, "असा पळपुटा जावाई नाई पाह्यजे आपल्याले." दोन्ही बाजूंनी स्थळ मोडत होतं आणि माय अंगणाच्या दारात उभी राहून रडत होती.

मी विलासकडे बघितलं. तो रस्त्याच्या बरोबर मधोमध उभा होता. भिंतीपासून लांब, विजेच्या तारेपासून लांब, झाडापासून लांब. तक्त्यावर जसा माणूस काढला होता, अगदी तसा. आमच्या गावाला मी इतके दिवस शिकवलं, त्यातल्या एकालाही जमलं नव्हतं ते या माणसाने न शिकता केलं होतं. एक पाय मात्र त्याने उचलून धरला होता, बाभळीचा काटा रुतला होता.

मी परत आत गेले. माय ओरडली, "जाऊ नको व!" मी दारातल्या त्याच्या चपला उचलल्या, तशाच जोडीने होत्या, आणि सगळ्या गावासमोर रस्त्यावर जाऊन त्याच्या पुढ्यात ठेवल्या. मुलीने असं करायचं नसतं वगैरे मला तेव्हा सुचलंच नाही.

"काहून पळाले तुमी?" मी विचारलं.

त्याने काटा काढला, चपला घातल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मले भेव लागलं."

बस, एवढंच. गिरणी नाही, ट्रक नाही, मी आईला हाक मारायला बाहेर आलो असलं काही नाही. त्या दिवशी आमच्या घरात सकाळपासून बोलल्या गेलेल्या सगळ्या वाक्यांत खरं असं ते एकच वाक्य होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी मला इतकं हसू आलं की मी तिथेच रस्त्यावर खाली बसले. मग मी बाबांकडे वळून म्हटलं, "बाबा, बरोबर यायनंच केलं. पळाचंच असते. पळाले म्हनून वर पाह्यलं मी, नाई तं यायची माय त्या गुंडाखाली राह्यली असती. चुकलं आपलं."

तेवढ्यात मुलाची आई घरातून बाहेर आली. सगळ्यांची नजर चुकवून ती कधी आत गेली होती कोण जाणे. तिच्या हातात लाल सॅटिनची चिंधी होती. ती मायसमोर उभी राहिली. "बाई, हे कायच्या चिंध्या?"

मायने पदर तोंडाला लावला. "भांडे वाजू नाई म्हनून कोंबल्या मी. तुमाले कळू नाई म्हनून. स्थळ जाऊ नाई म्हनून."

ती बाई मायकडे बघत राहिली. मग तिचं अख्खं अंग हलायला लागलं, मला क्षणभर वाटलं पुन्हा भूकंप आला. ती हसत होती. "अव माय! मी असती तं गाद्या कोंबल्या असत्या गाद्या! माह्या या पोट्ट्याले पाहाले कोनी येते म्हनलं का मी त्याचे कान झाकाले टोपी घालते." आणि तिने मायला जवळ ओढलं. दोघी एकमेकींच्या खांद्यावर हसत-रडत राहिल्या. मामाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि विचारलं, "पोहे राह्यले काय काही?"

राहिले होते. रस्त्यावर, गंगूकाकूंच्या बाहेरच्या चुलीवर गरम करून, सगळ्यांनी खाल्ले. तर्री पुन्हा केली. लग्न आमचं शाळेच्या मोकळ्या मैदानात लागलं, भिंत नाही, छत नाही, मीच अट घातली होती. मायने गुंड मला दिला. त्याच्या पोटाला एका बाजूने चांगला खड्डा पडला आहे, तो तिने ठोकून घ्यायचा म्हटलं तर मी घेऊ दिला नाही.

मला ऑर्डर मिळाली ती ढाणकीची. विलासने दारव्ह्याचं दुकान आवरून ढाणकीत मांडलं, म्हणजे हालत्या गावातली पोरगी दारव्ह्याला गेली नाही, दारव्ह्याचाच माणूस हलून इकडे आला. सासूबाई शेवटपर्यंत आमच्याकडे राहिल्या आणि भिंतीला टेकून कधी बसल्या नाहीत. माझ्या घरात खांद्याच्या वर एकही भांडं नाही. गुंड दाराशी जमिनीवर असतो, त्यात छत्र्या ठेवतो.

हे सगळं आत्ता लिहायला बसले कारण मधे आमच्याकडे जमीन पुन्हा हलली. सकाळी मी चहा गाळत होते. गॅस बंद केला, इतक्या वर्षांची सवय, आणि हॉलमध्ये आले तर विलासराव नाहीत. पेपर जमिनीवर, चष्मा खुर्चीवर, दार सताड उघडं. आता ते साठीच्या पुढे गेले, गुडघे दुखतात, जिना चढताना दोनदा थांबतात. पण पळताना माझ्या आधी! मी बाहेर गेले. सगळी गल्ली जमली होती, जो तो फोनवर बोलत होता. हे रस्त्याच्या बरोबर मधोमध उभे, केस विस्कटलेले, कान तसेच बाहेर. पायात स्वतःच्या चपला होत्या, आणि माझ्या चपला हातात धरलेल्या होत्या.

"भेव लागलं?" मी विचारलं.

"हाव," ते म्हणाले, आणि वाकून माझ्या चपला माझ्या पुढ्यात ठेवल्या, जोडीने.